बांधापलीकडचे क्रेट

थोरलीला धाकट्या जावेचं काहीच बघवत नसे. सासऱ्यांनी जमिनीचे दोन तुकडे केले, मधे बांध घातला, त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून थोरली रोज सकाळी हातात चहा घेऊन बांधापलीकडचे टोमॅटोचे क्रेट मोजायची. धाकटीचे साठ भरले की हिचा चहा कडू व्हायचा. धाकटीला मोठा तुकडा मिळाला, हे थोरलीने इतक्या वेळा सांगितलं होतं की नवरा आता हूं म्हणायचेही कष्ट घेत नसे.

त्या दिवशी घरोघरची पाहणी करणारी पोरगी आली आणि ओट्यावर फोन उघडून बसली.

"काकू, शेत किती?"

"दीड एकर. तेही कसंबसं."

"मागच्या तोडणीला विकलं किती?"

"सोळा क्रेट. एवढ्याशा तुकड्यात आणखी काय होणार?"

"लिहिलं. आता कडेकडेने चालून मोजते."

"कशाला गं एवढ्या चौकशा?"

"नुसती जमीन विचारून घर कसं चालतं ते कळत नाही, काकू. सारख्याच शेतात एक घर खाण्यापुरतं पिकवतं, दुसरं बाजारात नेतं. असं का होतं ते शोधायचंय. आणि अंदाजात लोक चुकतात, म्हणून मोजायचं."

थोरलीला मनातून उकळ्या फुटल्या. मोज बाई, होऊ दे एकदाचा निकाल. ती पोरीच्या मागोमाग सगळं शेत फिरली. फोनने सव्वादोन एकर दाखवलं.

"परत मोज," थोरली म्हणाली. पोरगी पुन्हा सगळ्या कडेने चालली. आकडा तोच आला.

पलीकडे धाकटी टोमॅटो तोडत होती. सकाळीच तिच्याकडची मोजणी उरकली होती. "ताई, आमचं पावणेदोन भरलं, तुमचं?" तिने विचारलं. मग बांधाशी येऊन धाकटीने पोरीच्या फोनवरचा आकडा स्वतःच वाकून वाचला आणि मान हलवली.

"बरोबर आहे. तुमच्या पदरात दोन मुलं होती ना, मामंजींनी आम्हाला विचारून बांध इकडे सरकवला होता. तुम्हाला अवघडल्यासारखं होईल म्हणून बोललो नाही कधी."

एवढं बोलून ती पुन्हा तोडणीला लागली. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. जमीन कमी, माल जास्त, आणि वर मनाचा मोठेपणाही हिचाच! रागवायला बारा वर्षं जपलेली एकच गोष्ट होती, तीही गेली.

ओट्यावर परतल्यावर ती हळूच म्हणाली, "पोरी, ते दीडच राहू दे ना."

"तुम्ही सांगितलेलं दीड राहतंच, काकू. मोजलेलं शेजारच्या रकान्यात येतं."

थोरली त्या दोन आकड्यांकडे बघत राहिली. खाली सोळा क्रेट लिहिले होते. दीड एकराला ते कसेबसे शोभले तरी असते.

"मग विकलेले तरी साठ लिही," ती म्हणाली.