बाजारातली आमची माडी सुरक्षित झाली!

मंगळवारी सकाळी बरोबर सव्वानऊ वाजता आमच्या खालच्या दारावर म्युनिसिपालटीची आगीच्या बंदोबस्ताची नोटीस लागली. तेव्हापासून माझ्याजवळ इतके किस्से साचलेत, की पीठ चाळताना एक आठवतो तर भाकरी थापताना दुसरा. सांगताना हसू येतं, आणि भीतीही वाटते.

आमचं बिऱ्हाड बाजारपेठेत. खाली दोन दुकानं. एक नानाजींचं रॉकेलचं, दुसरं रहीमचाचा पिंजाऱ्यांचं, गाद्यांचं. वर आम्ही तिघं: हे, मी आणि अकरा महिन्यांची कुसुम. उतरायला एकच लाकडी जिना. खाली रॉकेल आणि कापूस, वर माझं लेकरू! कुसुम झाली तेव्हापासून मला हाच घोर. म्हणून नोटीस लागली तेव्हा मी मनात म्हटलं, देव पावला.

घरमालक शेटजींनी वाचायला मलाच खाली बोलावलं. सातवी शिकलेली ना मी! मोठ्यानं वाचलं, "जिन्याखाली रॉकेल ठेवू नये."

"बस, एवढंच?" नानाजी म्हणाले. "आजच हालवतो, वहिनी."

माणूस शब्दाचा पक्का. दुपारी दार उघडते तर काय, सगळेच्या सगळे डबे जिन्याच्या वरच्या टोकाला, माझ्या उंबऱ्यासमोर!

"नानाजी, हे काय हो?"

"आता जिन्याखाली हाय का एक तरी डबा? पाहून घ्या!"

*

पुढं लिहिलं होतं, वाळूनं भरलेल्या चार लाल बादल्या सदा तयार असाव्यात. शेटजींनी बादल्या रंगवून आणल्या, वाळू भरली, आणि चारही कड्यांतून साखळी ओवून कुलूप ठोकलं!

रहीमचाचांनी विचारलं, "शेटजी, चाबी कहाँ रहेगी?"

"माझ्याजवळ. बादल्या चोरीले गेल्या म्हणजे?"

"और आग लगी तो?"

"तर मले बोलवाले माणूस धाडा. लगेच येतो. लोणारले लेकीकडे असलो तर मात्र दोन दिवस लागतीन."

*

मग म्युनिसिपालटीचे ओव्हरसियर साहेब तपासणीला आले. जिना चढून दमले, आणि दारासमोरच्या डब्यावरच टेकले. टेकले ते टेकले, खिशातून बिडी काढून पेटवली!

चाचा खालून ओरडले, "साब, डब्बा भरा हुआ है!"

"मंग बरंच हाय," साहेब म्हणाले. "रिकामा असता तर डुगडुगला असता."

मी कुसुमला उचलून आत पळाले. आतून पुढं पळायला वाट नाही, हे आत गेल्यावर आठवलं.

साहेबांनी रिपोर्टात लिहिलं, 'जिन्याखाली रॉकेल आढळले नाही.'

*

आता शेवटचा नियम. दुकानांवर कोणी राहत असेल तर माडीला मागून दुसरं दार पाहिजे. ते बाहेरच्या अंगाला उघडावं, त्याला कडी-कुलूप नसावं, नुसतं ढकलताच मोकळं व्हावं.

हा नियम मी तीनदा वाचला. सुतारांना रोज चहा पाजला. दार बसलं, हिरवा रंग लागला. मी कुसुमला कडेवर घेतलं आणि हौसेनं ढकललं.

समोर निंबाचा शेंडा! खाली पाहिलं तर सरळ आवारातली फरशी. जिनाच नाही!

"शेटजी, जिना कुठं हाय?"

"नोटिशीत जिना लिहेल हाय का? तुम्हीच वाचली ना बाई!"

मी पुन्हा वाचली. खरंच नव्हता लिहिलेला.

"अन् आग लागली तर उतराचं कसं?"

"लागली का उतरतेच माणूस!"

मी आणि ह्यांनी मिळून जातं सरकवलं आणि त्या दाराला लावून ठेवलं. दोन दिवसांनी ओव्हरसियर साहेब पुन्हा हजर.

"हे जातं हटवा. वाट अडवू नये."

"साहेब, वाट कुठं हाय?"

"ते मले विचारू नका. मी दार पाहाले आलो."

जातं हटवलं. दारावर 'पास'चा कागद डकवला आणि साहेब गेले.

त्याच संध्याकाळी कुसुमनं माझं बोट सोडलं. पहिल्यांदाच! चार पावलं टाकली, आणि चारही त्या चकचकीत दाराकडं! झबल्याला धरून मागं ओढली तिला. जिन्यासाठी अर्ज मी माझ्या हातानं लिहून दिला आहे, उत्तर नाही. तोवर लुगड्याची पट्टी तिच्या कमरेला आणि खाटेच्या पायाला.

बायांनो, हळदीकुंकवाला आमच्याकडं जरूर या. पण हिरव्या दाराला टेकू नका, लेकरं खाली सोडू नका, आणि जी कोणी येणार असेल तिलाही एवढं सांगून ठेवा.