माधवीची सायकल आणि पलीकडचा डोंगा

नदी पार करणाऱ्या डोंग्यात सायकल उभी ठेवतात की आडवी, हे इतकी वर्षं आर्वीत राहूनही मला माहीत नव्हतं. नदीवर मी जायची ती अधिकमासात दिवा सोडायला. पाण्याला हात जोडायचे, काठावर घटकाभर बसायचं आणि परतायचं. पलीकडं काय आहे, कोण जातं, कसं जातं, असा प्रश्न कधी पडला नाही. तो शनिवारी पडला, शेजारच्या माधवीनं कुंपणावरून विचारलं तेव्हा.

"काकू, रांगोळी हाये का उरलेली?"

"तुले कायले पाह्यजे?"

"रस्ता काढाचा हाये."

माधवी म्हणजे प्रेमदासभाऊंची सून. नवरा नागपूरला कंपनीत, पंधरवड्यानं येणार. प्रेमदासभाऊ एसटीत ड्रायव्हर होते. दोन वर्षांखाली त्यांचं उजवं अंग गेलं, जीभ तेवढी शाबूत राहिली. आता इथल्या दवाखान्यातल्या पोरीनं शिकवलेला व्यायाम करून ते खिडकीचा गज धरून उभं राहायला लागलेत. माधवी डी.एड. झालेली, पण आजवर घरातच शिकवण्या घ्यायची. कुणी पोट्टं पाढा चुकलं तर रागवायच्या ऐवजी "तुह्या डोक्यात हे कसं आलं, सांग बरं" असं विचारायची. तिची ती चौकशी मला भिंतीपलीकडून रोज ऐकू येते. मला वाटतं, तिला मुलांपेक्षा त्यांच्या चुकांचं कुतूहल जास्त.

तिला नदीपलीकडच्या गावात एका शाळेत पहिलीची बाई म्हणून बोलावलं होतं. शाळा सकाळची. मुख्याध्यापकांचं म्हणणं एकच : गावात राहायला या, नाहीतर रोज पहिल्या घंटेआधी हजर राहा. सोमवारी घंटेआधी दिसलात तर नोकरी तुमची, नाही तर दुसरी बाई तयार आहे. पुलावरून एसटीनं जावं तर मध्ये गाडी बदलावी लागते आणि पोचेपर्यंत प्रार्थना होऊन जाते. गावात राहायला जावं तर प्रेमदासभाऊंचा दवाखाना सुटतो, खिडकीचा गज सुटतो. म्हणून सायकल आणि डोंगा. स्कूटी डोंग्यात घेत नाहीत, हे तिनं विचारून ठेवलं होतं.

तिनं आमच्या दोन्ही घरांच्या दारांपुढं रांगोळीनं अख्खी आर्वी काढली. आमची गल्ली पूर्वेच्या टोकाला, नदीचा रस्ता पश्चिमेकडून निघतो. म्हणजे सारं शहर पार करायचं. प्रेमदासभाऊ खुर्चीत बसून डाव्या हातातल्या काठीनं दाखवत होते.

"डेपोसमोरून जाऊ नको. पहाटे गाड्या मांगं घेतात, ड्रायव्हरले तू काई दिसाची नाई."

"मंग बाजार समितीवरून जातो."

"तिथं कापसाच्या गाड्यांची लाईन लागते. पाय ठेवाले जागा नाई."

"बाबा, मंग उडून जाऊ का?"

"उडशील त टायर वाचन," भाऊ म्हणाले.

शेवटी इथल्या शाळेमागच्या बोळातून वाट निघाली. ती रेघ मी पुसू दिली नाही. माझी रोजची रांगोळी त्या दिवशी बाजूला सरकली.

"अन् डोंग्यात सायकल कशी ठेवतात?" मी विचारलं.

"उद्या जाऊन पाह्यतो न. येता का काकू? मांगं बसजा."

आमचे हे, महादेवराव, हसायलाच लागले. "या वयात क्यारियरवर?" पण मला राहवेना.

रविवारी अंधारातच निघालो. मी शाल घट्ट लपेटून क्यारियरवर. चढ आला की उतरायची, उतार आला की नामस्मरण करायची. बोळ मोकळा होता, बाजार समितीचे दिवे लांबूनच दिसले. घाटावर पोचलो तेव्हा अजून झुंजूमुंजू व्हायचं होतं. नदीवर धुकं. डोंगा पलीकडच्या काठाला. तिथं कुणीतरी शेकोटी पेटवून बसलेला.

"बापूराव!" माधवीनं डोंगेवाल्याला हाक मारली.

माणूस हलला नाही.

"ओ बापूरावभाऊ! या बाजूनं याचं हाये!"

त्यानं शेकोटीत काटकी घातली. आवाज पोचत होता, कारण माझ्या खोकल्यावर पलीकडचं कुत्रं भुंकलं. मग मीही हाका मारल्या. बापूराव आमच्याकडं पाठ करून बसला.

"बहिरा हाये का बापा?" मी म्हटलं.

"काल दुपारी फोनवर बोलला न माह्याशी चांगला. आता लावून पाह्यतो." पण नदीच्या खोलात रेंज नव्हती.

माधवी वाळूत येरझारा घालायला लागली. आज नुसती रंगीत तालीम होती, पण उद्या असंच झालं तर? आमच्या पाठीमागं उजाडलं, सूर्याची कोर वर आली आणि बापूराव शांतपणे उठला. डोंगा घेऊन आला.

"काऊन हो भाऊ, आवाज नाई आला का?" माधवी कडाडली.

"आला न."

"मंग?"

"सूर्य निंघाच्या आधी नदीपलीकडची हाक घेत नाई आम्ही, बाई. माह्या बापानं घेतलती एकदा. डोंगा घेऊन आला त काठावर कोणीच नाई. महिनाभर तापानं पडला. अंधारात हाक माणसाची हाये का दुसऱ्या कोणाची, कसं समजन?"

"मंग दूधवाले कसे जातात रोज?"

"ते कॅन वाजवतात. धातू वाजलं का मी उठतो. त्याईले धातू चालत नाई." त्याईले म्हणजे कुणाला, ते त्यानं सांगितलं नाही.

माधवीनं सायकलकडं पाहिलं. नवऱ्याची जुनी सायकल, घंटीची नुसती दांडी उरलेली.

तेवढ्यात बापूरावनं सायकल उचलून डोंग्यात घेतली, आणि मला कळलं. उभीच ठेवतात. पुढचं चाक डोंग्याच्या नाकाशी, मागच्या चाकावर हात ठेवून आपण बसायचं. मी पलीकडं जाऊन आले. पाण्यातून आपला काठ पाहिला, तो परक्या गावाचा वाटला.

घरी आलो तर सायकलवाल्याचं दुकान बंद, तो लग्नाला गेला होता. माधवी म्हणाली, ताट-चमचा नेईन. तिनं मागच्या अंगणात वाजवून पाहिलं, प्रेमदासभाऊ पुढच्या दारात ऐकत बसले.

"आलं का ऐकू, बाबा?"

"आलं. बापूरावाले वाटन जेवाले बोलावून राह्यले. डबा घेऊन येईन तो."

मी घरात गेले. देव्हाऱ्यातली पितळी घंटी घेतली, लाल नाडा घेतला आणि सायकलच्या दांडीला बांधायला बसले.

महादेवराव मागं आले. "देवाची घंटी सायकलीले?"

"घंटी वाजवताना रोज काय म्हणतो आपण? देव यावेत, राक्षस जावेत. बापूराव वेगळं काय म्हणून राह्यला?"

माधवी संकोचली. "काकू, मी देव मानत नाई. तुमाले ठाऊक हाये."

"तू नको मानू. बापूराव मानतो न."

सोमवारी ती अंधारात निघाली. गल्लीच्या तोंडापर्यंत किणकिण ऐकू आली, मग नाही. मी प्रेमदासभाऊंना चहा दिला, गजाशी उभं केलं. त्यांनी एकदाच म्हटलं, "धुकं हाये का?" मी म्हटलं, "हाये." उजाडलं. आंघोळ करून पूजेला बसले, पण आरती लावावीशी वाटेना. फोन शेजारी ठेवून बसले. देवासमोर फोन ठेवणं बरं नव्हे, पण ठेवला.

फोन वाजला. "काकू, पोचली! एकदा वाजवली, दुसऱ्यांदा वाजवाच्या आत डोंगा पाण्यात. तो म्हणते, आवाज मोठा गोड हाये. पण मी मात्र देव मा..." पलीकडं शाळेची घंटा घणाघणा वाजली. "झाली! मी वर्गातच हाये, ठेवतो." आणि फोन ठेवतानाच ती कुणाला तरी विचारत होती, "तुह्यं नाव काय रे? अन् रडून काऊन राह्यला?"

मी भिंतीजवळ जाऊन ओरडले, "भाऊ, पोचली!"

मग निरांजन लावलं. घंटी नव्हती, म्हणून टाळ्या वाजवत आरती सुरू केली. एका हातात निरांजन, टाळी जमेना. तेवढ्यात भिंतीपलीकडून ताट वाजायला लागलं. डाव्या हातानं, जरा ठेका सोडून, पण आरती संपेपर्यंत वाजत राहिलं.