बैलबंडीमागचा कुकर

समुद्रपूरकडच्या रस्त्याला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. आमच्या भागात हळद पिकते. ती शिजवायला वाफेवरचा मोठा कुकर बाहेरगावाहून भाड्याने येई, पण अर्ध्या एकरासाठी त्याचा मालक गावात वळतच नसे. लहान शेतकरी कढईत हळद उकडत. काही कच्ची राही, काहीचा लगदा होई. बैलबंडीमागे बांधून शेतात नेता येईल असा छोटा कुकर आपल्याला जमेल, याची मला खात्री होती.

बँकेतल्या साहेबांनी माझं चित्र नीट पाहिलं. "कोटेशन कोणत्या कंपनीचं?"

"कंपनी नाई साहेब. मीच बनवणार."

"तयार यंत्र घ्या, लगेच कर्ज देतो. जे अजून झालंच नाही, त्यावर कसं देऊ?"

माणूस सरळ होता, नियमाने बांधलेला. मी चित्र गुंडाळून घरी आलो.

वहिनी बायकांचा बचत गट चालवते. हे ऐकून ती म्हणाली, "गटात मांडा न भाऊजी."

मांडलं. त्या बायकांचा जन्म कढईपाशी गेलेला. एकीने विचारलं, "हे फुटन त नाई?" दुसरी म्हणाली, "झाकण एवढं उंच काऊन? आमचा हात कसा पोचन?" मी विकण्याचा विचार केला होता, त्यांनी त्याच्याशेजारी उभं राहण्याचा. पैसे द्यायला त्या तयार झाल्या, पण एका अटीवर: वर्धेच्या जाणत्या बॉयलर मिस्त्रीने तपासल्याशिवाय आग लावायची नाही. मला तेव्हा राग आला. तरी झाकण खाली घेतलं, मिस्त्रीलाही आणलं. त्याने वाफ सुटायचा व्हॉल्व्ह बदलायला लावला.

पहिला घाणा वहिनीच्या अंगणात काढला. तिने वरचं एक कांड मोडून पाहिलं. "कच्चं हाये."

बँकेचं कर्ज असतं आणि हप्ता सुरू झाला असता, तर मी तो कुकर तिथेच भंगारात घातला असता. गटाने मात्र चहा ठेवला आणि वाद सुरू केला. "वाफ खालीच अडून राह्यली," वहिनी म्हणाली. "मधातून वर जाऊ द्या न."

मी मधोमध भोकांची नळी उभी जोडली. पुढच्या खेपेला काडी टोचली तर वरची, खालची, सगळी हळद सारखी शिजलेली.

त्या हंगामात कुकर या शेतातून त्या शेतात फिरत राहिला. भाड्यातून गटाचे पैसे फिटले. गिरडकडच्या दुसऱ्या गटाने तसाच मागितला, आणि त्यांना बँकेने कर्जही दिलं, कारण आता यंत्र डोळ्यांना दिसत होतं.

सध्या हळद घासून चकाकवायचा ड्रम करतो आहे. काल बायका दुकानात येऊन बसल्या होत्या. आवाज फार होतो म्हणतात. होतोच. या आठवड्यात रबर लावून बघतो.