पिवळी मूठ
आमच्या बजरंगाच्या डोक्यात एकदा शिरलं की कुऱ्हाडीनंबी निघत न्हाई. माझा धाकटा भाऊ. माजलगावला ऊस वाहायचा, एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. चढावर ट्रॉल्या मागं ओढायला लागल्या आणि ड्रायव्हरनं उडी टाकली, तर मागची माणसं चिरडतात. एकदा तर याचं मनगट मोडलं, तरी स्टेअरिंग सोडलं न्हाई.

लिंबागणेशच्या माळावर अमरसिंह सरांनी ग्लायडरचा क्लब काढला. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. दुसरं विमान त्याला दोरानं ओढून वर नेतं. ग्लायडर मी आधी शिकले. माझं बघून बजरंगनं विमानाचं लायसन काढलं आणि ओढायचं शिकायला लागला.

विमानात सर त्याच्या मागच्या सीटवर बसायचे. "ग्लायडर लई वर गेलं तर तुझं शेपूट उचलतं, नाक जमिनीत जातं. पिवळी मूठ ओढायची, दोर सुटतो." हा मान डोलवायचा. पण वर गेल्यावर सर "सोड" म्हणले की मूठ राहायची बाजूला, हा विमान हाकायचा दांडाच आवळून धरायचा. मग टाळक्यात ठोसा. एकदा तोंड पुढं आपटून नाक फुटलं, शर्ट रक्तानं भिजला. मी सरांच्या अंगावर धावून गेले.

"रोहिणी, माझ्या मारानं हा मरणार न्हाई," सर म्हणले. "न सोडल्यानं मरंल."

पहिल्यांदा तो एकटा ओढायला निघाला, तेव्हा मागं ग्लायडरात मीच होते. जमीन सुटली न सुटली तोच वावटळीनं मला वर फेकलं. दांडा पुढं रेटला, ऐकेना. दोर सोडायची माझ्याकडची मूठ ओढली, ती अडकलेली. बजरंगाच्या विमानाचं शेपूट वर गेलं, नाक खाली. मला लई भ्या वाटलं, त्याच्या जिवाचंच.

खालनं रेडिओवर सर बोंबलत होते, "सोड बे, सोड."

"मागं अक्का हाय, सोडलं तर आपटंल ती," बजरंग म्हणला.

"मुडद्या, मूठ ओढ," मी म्हणले. "आईला काय तुझं मढं दाखवू?"

दोर सुटला. त्याचं टोक चाबकागत उलटं आलं आणि माझ्या तोंडापुढची काच फुटली. डोळ्याखाली गालात तुकडा घुसला. एका डोळ्यानं बघत मी नांगरलेल्या रानात आदळले, पंख मोडला.

बजरंग नीट उतरला आणि ढेकळं तुडवत पळत आला. "मी सोडलं गं तुला," म्हणून लहान पोरागत रडायला लागला.

मी रक्ताच्याच हातानं त्याच्या कानफटात दिली. "एवढा उशीर कावून लावलास?"

त्यानंतर सरांनी त्याला कधी मारलं न्हाई.