पद्मिनीची फॅक्सपेटी

इथे अमेरिकेत, आमच्या श्रूजबरीत कोणाचा मुलगा कुठल्या कॉलेजात लागला, कोणी केवढं घर घेतलं, याच्या गप्पा रग्गड चालतात. पद्मिनी वर्तकचं नाव त्यात कोणी घेत नाही. म्हणून म्हटलं, आपणच सांगावं. मला उगाच कोणाचं कौतुक करायची सवय नाही. आमच्या ह्यांना विचारा, लग्नाला पस्तीस वर्षं झाली, अजून वाट बघतायत.

पद्मिनी मूळची सांगलीची, बी.कॉम. झालेली. नवरा केदार कॉम्प्युटरवाला. त्याच्या व्हिसावर आली आणि हिला कायद्यानं नोकरी करता येईना, म्हणून कित्येक वर्षं घरात बसली. ग्रीन कार्ड हातात पडल्यावर डॉक्टर चित्र्यांच्या दवाखान्यात ऑफिस सांभाळायला लागली. बोलणं मोजकं, चालणं तुरुतुरु, आणि एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही.

दवाखान्यात फॅक्सचं मशीन होतं पुढच्या काउंटरवर, पाण्याच्या कूलरशेजारी. लॅबचे रिपोर्ट त्यावर यायचे आणि ट्रेमध्ये उताणे पडून राहायचे. पाणी प्यायला उठलेल्या माणसाला नको म्हटलं तरी दिसायचे. आणि आमचे हे, दिगंबरराव, दर आठवड्याला बीपी मोजायला तिथे हजर. रिटायर झाल्यापासून बीपी हाच त्यांचा छंद.

एकदा असेच गेले, तर ट्रेमध्ये रुचाचं नाव दिसलं. रुचा म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी मुलगी, जातायेता हाक मारणारी. ह्यांना वाटलं, बिचारीला कशाला थंडीत फेरी, जाता जाता देतो. रिसेप्शनवरच्या अमेरिकन पोरीनं विचारलं, तुम्ही तिच्या घरचे का? हे छाती पुढे काढून म्हणाले, आय ॲम हर अंकल. यात खोटं काय होतं? रुचा ह्यांना काकाच म्हणते. श्रूजबरीतली निम्मी मुलं म्हणतात. त्या पोरीला बापडीला काय ठाऊक, तिनं दिला कागद.

ह्यांनी तो रुचाच्या दारात नेऊन दिला, तोही कोणाच्या हातात, तर नाशिकहून आलेल्या तिच्या सासूबाईंच्या. रुचाला दिवस गेले होते. तिनं नवऱ्यालासुद्धा अजून सांगितलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, आणि तीन आठवड्यांनी ते मूल राहिलं नाही. मग काय विचारता! इंडियन ग्रोसरीत बटाटे निवडताना, देवळात चपला काढताना, जी ती बाई हिला थांबवून हळहळणार. पोरगी कोमेजून गेली. मी ह्यांना त्या दिवशी जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

पद्मिनी तिला भेटायला गेली, तेव्हा रुचानं सरळ सांगून टाकलं की पुन्हा तसं काही झालं तर मी टेस्टच करणार नाही, कोणाकडेच जाणार नाही. आता आली का पंचाईत! डॉक्टरांनी बजावलेलं होतं की पुढच्या वेळी सुरुवातीपासून वरचेवर रक्त तपासायला हवं, नाहीतर पुन्हा तेच व्हायची भीती. हे सगळं नंतर मला रुचानंच सांगितलं. पद्मिनीच्या तोंडून अवाक्षरसुद्धा निघालं नाही.

तेव्हा पेशंटच्या प्रायव्हसीचा नवा कायदा नुकताच आला होता. डॉक्टर म्हणाले, मशीनपुढे एक पार्टिशन लावू. पद्मिनी म्हणाली, पार्टिशनमागे माणूस जायचा तो जाणारच, कागदच बाहेर यायला नको. मशीनच्या जाडजूड मॅन्युअलमध्ये तिला एक गोष्ट सापडली होती. मशीनच्या पोटात कुलूपबंद पेट्या करता येतात. फॅक्सचा नंबर तोच, पण पाठवणाऱ्यानं त्यापुढे आणखी काही आकडे द्यायचे, त्याला म्हणतात सब-ॲड्रेस. बिल्डिंगच्या पत्त्यापुढे फ्लॅट नंबर लिहितो ना, तसंच. मग फॅक्स थेट त्या पेटीत पडतो, वर नुसता दिवा लुकलुकतो, आणि पासवर्ड दाबल्याशिवाय कागद छापूनच येत नाही.

मशीन दुरुस्त करणारा माणूस म्हणाला, हे कोणी वापरत नाही, सोडून द्या. पद्मिनी कसली सोडतेय! जेवणाच्या सुट्टीत एका हातात पोळीचा रोल आणि दुसऱ्या हातानं बटणं, असं करत तिनं पेटी उघडली, पासवर्ड घातला. तो फक्त तिला आणि डॉक्टरांना ठाऊक. लॅबला सब-ॲड्रेस कळवला आणि ट्रायलचा कागद मागवला. तर तो नेहमीसारखा ट्रेमध्ये येऊन पडला. लॅबमधली माणसं सवयीनं जुनं बटण दाबत होती, त्या बटणात नुसता फोन नंबर. फोनवर समजावून झालं, दोनदा झालं, पुन्हा तेच.

शेवटी बाई बर्फात गाडी काढून शेजारच्या वूस्टर गावी लॅबमध्ये गेली. तिथल्या मशीनपुढे उभी राहून त्या जुन्या बटणातच पुढचे आकडे भरून घेतले आणि आपल्यासमोर कागद पाठवायला लावला. इकडे दवाखान्यात ट्रे रिकामा आणि दिवा चालू. मग ती रुचाला जाऊन म्हणाली, “आता तुझा कागद माझ्याशिवाय कोणी बाहेर काढणार नाही. माझा शब्द आहे.”

पुढच्या उन्हाळ्यात हे बीपीला गेले असताना मशीन वाजलं आणि कागद काही येईना. ह्यांच्यातला इंजिनियर जागा झाला. कागद अडकलाय म्हणत उठले, बटणं दाबू लागले. मशीन पासवर्ड मागायला लागलं. तेवढ्यात आतून पद्मिनी आली, ह्यांच्या आणि मशीनच्या मध्ये पाठ करून उभी राहिली, आकडे दाबले, कागद फाइलमध्ये घातला आणि म्हणाली, काका, बसा, बीपी उगाच वाढलेलं दिसेल. हे घरी येऊन केवढे धुसफुसले! मी म्हटलं, बरी जिरली. तो कागद कोणाचा, हे आम्हाला काय माहीत?

शरद ऋतूत एका रविवारी रुचा घरी आली. पोट आता लपत नव्हतंच. माझा हात हातात घेऊन म्हणाली, “काकू, पाचवा महिना आहे. सगळ्या टेस्ट चांगल्या आल्यात. यावेळी नवऱ्याला मी सांगितलं, सासूबाईंना मी सांगितलं, आणि आता तुम्हालाही मीच सांगतेय.” मला रडू आवरेना.

आणि मग डोक्यात लखकन उजेड पडला. पद्मिनीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दर शनिवारी ती भिशीला माझ्या शेजारी बसत होती. रुचाचं कसं चाललंय म्हणून मी तिला खोदून खोदून विचारलं होतं, आणि ही थंडपणे माझ्या पुढ्यात चिवडा सरकवत होती. दुसऱ्या दिवशी फोन करून तिला झापलं, “एवढी आनंदाची बातमी, मला एका शब्दानं सांगितली नाहीस?”

पद्मिनी म्हणाली, “काकू, ती माझी नव्हती ना.”

मी फोन ठेवला आणि आमच्या ह्यांना हाक मारून म्हटलं, बाई असावी तर अशी.