तेलकंपनीचा पॅटर्न

शिरोलीतल्या आमच्या फौंड्रीत एका परदेशी तेलकंपनीच्या व्हॉल्व्हचं ओतकाम व्हायचं. कंपनी एका देशाची, तिच्या तेलविहिरी दुसऱ्याच देशात आणि व्हॉल्व्ह कोल्हापूरचे. मला याचा भारी तोरा होता. येईल त्या पाहुण्याला मी ते ऐकवायचो.

मग त्या दुसऱ्या देशात सरकार बदललं आणि नव्या सरकारनं विहिरी ताब्यात घेतल्या. मी ती बातमी चहाबरोबर वाचली आणि पान उलटलं. आठवड्याभरात कंपनीचा मेल आला: ऑर्डर थांबवा, तुमच्याकडचे पॅटर्न नष्ट करा, फोटो पाठवा. नव्या सरकारला सुटे भाग मिळू नयेत, हा हेतू. पॅटर्न म्हणजे ज्याच्याभोवती वाळू दाबून साचा घेतात तो लाकडी नमुना. तो राहतो फौंड्रीत, पण मालकी गिऱ्हाइकाची. आमच्या धंद्यात हे कुणाला सांगावं लागत नाही.

हे पॅटर्न केले होते आमच्या मिस्त्रींनी. कागलहून यायचे, वडिलांच्या वेळेपासूनचे. सुरुवातीचे व्हॉल्व्ह पाण्याच्या चाचणीत गळले, तेव्हा ड्रॉइंग बाजूला ठेवून त्यांनी अंदाजानं कुठं लाकूड तासलं, कुठं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून कोपरा गोल केला. ते कुठल्याच कागदावर नव्हतं.

मी मेल वाचून दाखवला, तर म्हणाले, "कुणाच्या म्हशी, कुणाला उठाबशी! मालक, एक दिस थांबा की. मापं तर उतरून घेतो."

मी थांबलो नाही. परदेशी साहेबाला आजच्या आज फोटो गेले पाहिजेत, एवढंच डोक्यात. मापं ठेवणं म्हणजे गिऱ्हाइकाशी बेइमानी, असंही वर सुनावलं. आवारात पॅटर्न पेटवले. जुनं सागवान, भराभर जळलं. मिस्त्री तिकडं फिरकले नाहीत.

वर्षभरानं कंपनीचं आणि त्या सरकारचं जमलं. भांडले तेच, एका पंगतीला बसले तेच. लगेच मेल: पॅटर्न पुन्हा करा, महिन्यात नमुना दाखवा, पास झाला तर ऑर्डर तुमची. ऑर्डर गेली असती तर मला भट्टीची एक पाळी बंद करावी लागली असती.

मिस्त्रींनी पॅटर्न केला. व्हॉल्व्ह गळला. पुन्हा तासला, पुन्हा गळला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी तिसऱ्यांदा पाण्याचा दाब चढवला. आम्ही दोघं वाकून बघत होतो. व्हॉल्व्हच्या कोपऱ्यात थेंब धरला.

मिस्त्रींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "माझंच चुकलं, मालक. हात इसरला."

चूक माझी होती, मला पक्कं ठाऊक होतं. पण पाळीवरची माणसं भोवती उभी होती. मी नुसती मान हलवली, त्यांना माफ केल्यासारखी.