तिकिटावरची बाई

आमचे हे तुर्भ्याच्या मार्केटातून कांद्याची अख्खी गोणी आणतात आणि ती संपेपर्यंत सोसायटीत भाव सांगत फिरतात. तळोज्याच्या कंपनीतून रिटायर झाले आणि ह्यांना दुसरा नाद लागला, युरोपच्या स्वस्त विमान तिकिटाचा.

युरोप माझा होता, हे आधीच सांगून ठेवते. उभं आयुष्य मी शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर खडूने आल्प्स काढून काढून बोटं पांढरी झाली, आणि मागितलं काय, तर ते डोंगर एकदा डोळ्यांनी बघायचेत. सोनं नाही, नाणं नाही. हे म्हणाले, जाऊ, पण तिकीट स्वस्तात मिळालं तरच. वर म्हणाले, बहिणीलाही नेऊ, बिचारी एकटी असते. माझी धाकटी नणंद ऐरोलीला राहते. एकटी आहे हे खरं, पण बिचारी अजिबात नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं की एकाच फोनवरून सारखं तिकीट बघितलं की विमानवाल्यांना कळतं आणि भाव चढतो. झालं! सकाळी ह्यांच्या फोनवर, दुपारी माझ्या, संध्याकाळी नणंदेच्या. मला माझ्याच फोनवर बोलायची चोरी. थेट जाणाऱ्या विमानाकडे हे ढुंकूनही बघायचे नाहीत. आखातात कुठेतरी अर्धा दिवस बाकड्यावर काढायला लावणारं तिकीट दिसलं की मात्र चेहरा खुलायचा. माझे गुडघे दुखतात म्हटलं, तर म्हणाले, बसायचंच तर आहे.

एका रविवारी दुपारी ओरडले, "पडला, पडला!" मला वाटलं शेजारचं पोर पडलं. भाव पडला होता. नणंद जेवायला आलेलीच होती, ती चष्मा लावून भावाच्या खांद्याशी उभी राहिली. मी मटार सोलत होते. ह्यांची बोटं भराभर चाललेली. पुन्हा बदल होणार नाही, पैसे परत मिळणार नाहीत, असं काहीतरी नणंदेने वाचून दाखवलं. हे म्हणाले, "बदल कशाला करायचाय? जायचंच आहे."

मी विचारलं, "अहो, पासपोर्ट आणून देऊ का कपाटातून?"

"कशाला? घरच्या माणसांची नावं मला माहीत नाहीत का?"

मीही मटार सोलत राहिले. संध्याकाळी पेढे आले.

पुढे आम्ही तिघं वाशीच्या व्हिसा एजंटकडे गेलो. टेबलावरच्या मुलीने माझा पासपोर्ट उघडला, तिकीट बघितलं, परत पासपोर्ट बघितला. म्हणाली, "काका, ह्या तिसऱ्या मॅडम कोण? त्या नाही आल्या?"

आमच्यात लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवीन नाव लिहितो. माझं नाव नणंदेने ठरवलं होतं, तिच्या कॉलेजातल्या आवडत्या मैत्रिणीचं. ठेवलं तिने, पण त्या नावाने हाक कधी मारली नाही, तिच्यासाठी मी वहिनी. सासरी मी तांदळातल्या नावाने राबले. शाळेच्या दाखल्यावर, नोकरीत आणि पासपोर्टवर मात्र वडिलांनी ठेवलेलं नाव, त्यांच्याच आडनावासकट. पगारही त्याच नावावर यायचा. पगाराच्या तारखेला ते नाव ह्यांना बरोबर आठवायचं. तिकीट काढताना नाही आठवलं.

तिथेच खुर्चीवर बसून विमान कंपनीला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडचा पोरगा गोड आवाजात म्हणाला, "सर, स्पेलिंग की गलती होती तो कर देते. ये तो दूसरी पॅसेंजर है."

"अरे भाई, वही औरत है! मेरी बीवी है!"

"सॉरी सर. हमारे हिसाब से ये अलग औरत है."

ऑफिसातली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मला रडू नाही आलं, खरंच नाही. मला त्या पोराचं पटलं होतं.

नवीन तिकिटाचा भाव तोवर भलताच चढला होता. म्हटलं, माझ्या पेन्शनीतून काढा. हे म्हणाले, एवढे पैसे घालवणं म्हणजे मूर्खपणा. मग सगळ्यांचंच रद्द करा म्हटलं, तर दोघं भावंडं एकदम माझ्या अंगावर आली. सगळ्यांचे पैसे बुडवायचे का? नणंदेने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "वहिनी, तुला नाहीतरी थंडी सोसत नाही. पुढच्या वर्षी जाऊ की आपण."

पुढच्या वर्षी! तिचा हात मी झटकला, एवढंच.

जायच्या दिवशी नणंद भावाला घ्यायला आली आणि माझा नवा कोट घालून आरशासमोर उभी राहिली. पडूनच राहील ना गं, म्हणाली. कोट तिला छान बसला, ह्याचाही मला राग आला. मी त्यांना डब्यात थालीपीठं बांधून दिली आणि त्यात मीठ घातलं नाही. एवढंच माझ्या हातात होतं.

मग एक दिवस व्हिडिओ कॉल आला. मागे बर्फाचा डोंगर, पुढे नणंद माझ्या कोटात. "अगं, तुझी सीट रिकामीच होती!" हे खुशीत सांगत होते. "मधला दांडा वर केला आणि मस्त ताणून दिली. आणि हे बघ, हा डोंगर कुठला गं? ग्रुपवर टाकायचाय." मी त्या डोंगराकडे बघितलं. त्याचा उतार मी इतक्या वेळा काढलाय की झोपेतही काढीन. माहीत नाही म्हटलं आणि फोन ठेवला. मग मात्र पोटभर रडले.

हे परत आले तेव्हा मी दार उघडलं आणि आत येऊन बसले. दारातूनच ह्यांनी हाक मारली, तांदळातल्या नावाने. "चहा टाक गं. विमानातला चहा म्हणजे नुसतं पाणी."

"ती घरात नाही."

"कोण?"

"तिकिटावरची बाई. तुमच्याबरोबरच होती ना? मधल्या सीटवर? परत नाही आणलीत?"

"वेड लागलंय का तुला?"

"माझ्या हातचा चहा हवा असेल तर नाव घ्या माझं. पासपोर्टवरचं. मी तुमचं किती वेळा घेतलंय, लग्नात घेतलं, हळदीकुंकवाला घेतलं, तेही उखाण्यात. तुम्हाला उखाणा माफ. नुसतं नाव घ्या."

  हे बॅग तिथेच टाकून स्वयंपाकघरात गेले आणि साखरेचा डबा शोधायला लागले. डबा कुठे आहे ते मी सांगितलं नाही.

आता ह्यांना डबा सापडतो. स्वतःचा चहा स्वतःच करून पितात.